वेबपृष्ठांच्या शीर्षकांची सूची : बहुथ्रेडी पायथन आज्ञावलीची सुधारणा

सूची सिद्ध करणे हे मराठी अभ्यासकाचे जुने काम आहे. शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची 1800 ते 1937 आणि 1938 ते 1950 या दोन कालखंडांतील ग्रंथांची नोंद करते. अशी सूची उपयोगी पडते, कारण ज्या ग्रंथासमोर जो तपशील लिहिला आहे तो त्याच ग्रंथाचा आहे, असा विश्वास वाचकाला बाळगता येतो. वेबपृष्ठांची सूची संगणकाकडून करवून घेताना नेमका हाच विश्वास कसा ढळू शकतो आणि तो कसा राखावा, हे या घटकात पाहावयाचे आहे.

असे समजा, की सोलापूरच्या एका विद्यार्थिनीने शाहीर राम जोशी, मंगळवेढ्याचे दामाजीपंत व कान्होपात्रा, पंढरपूरची वारी आणि सोलापूरचा हातमाग या विषयांवरील 200 वेबपत्ते जमविले आहेत. प्रत्येक पत्त्यासमोर त्या पृष्ठाचे शीर्षक हवे आहे. पत्ता पाहून विषय ओळखता येईलच असे नाही. ‘सोलापूर’ या शब्दात युनिकोडची 7 चिन्हे आहेत. यूटीएफ-8 पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला 3 बाइट लागतात आणि वेबपत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह 3 अक्षरांनी लिहिला जातो. परिणामी एवढासा शब्द 63 अक्षरे व्यापतो आणि डोळ्यांना त्याचा काहीच बोध होत नाही.

सरळसाधी आज्ञावली एक पृष्ठ मागविते, उत्तर येईपर्यंत थांबते, शीर्षक टिपते आणि मग पुढच्या पत्त्याकडे वळते. एका पृष्ठास दीड सेकंद लागतो असे धरले, तर 200 पृष्ठांस 5 मिनिटे लागतील. यातला बहुतेक काळ संगणक काम करीत नसतो, वाट पाहत असतो. सोलापूरच्या वाचकास हे यंत्रमागाच्या उदाहरणाने चटकन उमगेल. धोटा आपोआप फिरत असताना कामगार एकाच मागापाशी उभा राहत नाही. तो अनेक मागांवर लक्ष ठेवतो आणि जिथे सूत तुटले तिथे जातो. थ्रेड म्हणजे एकाच आज्ञावलीत समांतर चालणारे असे कामाचे प्रवाह. पायथनच्या प्रचलित रूपात ‘ग्लोबल इंटरप्रिटर लॉक’ नावाचे कुलूप असते. त्यामुळे एका वेळी एकच थ्रेड पायथनच्या आज्ञा पार पाडू शकतो. मात्र थ्रेड जालावरील उत्तराची वाट पाहू लागला, की हे कुलूप मोकळे होते आणि दुसऱ्या थ्रेडला संधी मिळते. म्हणूनच मोठ्या आकडेमोडीत फारसे न उपयोगी पडणारे थ्रेड पृष्ठे मागविण्याच्या कामी उत्तम ठरतात.

आता चूक कुठे होते ते पाहू. नवशिका बहुधा प्रत्येक पत्त्यासाठी एक थ्रेड सुरू करतो आणि मिळालेले शीर्षक एका सामाईक यादीच्या शेवटी जोडतो. शेवटी पत्त्यांची यादी आणि शीर्षकांची यादी शेजारीशेजारी ठेवतो. परंतु शीर्षके आलेली असतात ती उत्तर मिळण्याच्या क्रमाने. कान्होपात्रेचे पृष्ठ उशिरा आले आणि हातमागाचे आधी, तर कान्होपात्रेच्या पत्त्यासमोर हातमागाचे शीर्षक बसेल. आज्ञावली कोणतीही तक्रार करणार नाही. यादी पूर्ण आणि नीटनेटकी दिसेल. आज्ञावली बंद पडली असती तर बरे झाले असते, असे म्हणण्याजोगी ही चूक आहे.

यावर उपाय असा. पत्ता आणि शीर्षक कधीही वेगळे होऊ देऊ नयेत. एक पत्ता घेऊन पत्ता, शीर्षक व स्थिती असे त्रिकूट परत देणारे एकच फलन लिहावे. ते ‘कॉन्करंट फ्यूचर्स’ या विभागातील ‘थ्रेडपूलएक्झिक्युटर’कडे सोपवावे. हा विभाग 2011 साली आलेल्या पायथन 3.2 पासून भाषेसोबतच मिळतो. त्याची ‘मॅप’ ही क्रिया उत्तरे दिलेल्या पत्त्यांच्याच क्रमाने परत करते. थ्रेडची संख्याही येथेच मर्यादित करता येते. 8 किंवा 10 थ्रेड पुरेत. एकाच संकेतस्थळावर एकदम 200 विनंत्या लोटल्या, तर तो सर्व्हर 429 हा ‘विनंत्या फार झाल्या’ असा संकेत देऊन दार लावून घेऊ शकतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

स्थिती नोंदविण्याचे कारणही समजून घ्यावे. ‘रिक्वेस्ट्स’ हे ग्रंथालय आपण सांगितल्याशिवाय प्रतीक्षेची मुदत ठरवीत नाही. एक मुका सर्व्हर एका थ्रेडला अडवून धरू शकतो. म्हणून 10 सेकंदांसारखी मुदत द्यावी. दुसरे असे, की हरवलेल्या पृष्ठालाही शीर्षक असते. 404 हा संकेत तपासला नाही, तर ‘पृष्ठ सापडले नाही’ हे वाक्य राम जोशींच्या नावासमोर शीर्षक म्हणून विराजमान होईल. अशा सर्व अडचणी फलनाच्या आतच पकडून स्थितीच्या रकान्यात लिहाव्यात. अन्यथा ‘मॅप’ची उत्तरे वाचताना पहिल्या अपयशापाशीच वाचन खुंटते.

मराठी पृष्ठांबाबत आणखी एक खाचखळगा आहे. सर्व्हरने लिपिसंकेत कळविला नाही, तर ‘रिक्वेस्ट्स’ मजकूर पश्चिम युरोपीय भाषांच्या जुन्या संकेतातला आहे असे गृहीत धरते. मग देवनागरी शीर्षकाच्या जागी उच्चारचिन्हे लावलेल्या रोमन अक्षरांची निरर्थक माळ उमटते. यासाठी उत्तराचा तयार मजकूर न घेता मूळ बाइट घ्यावेत आणि ‘ब्युटिफुलसूप’कडे द्यावेत, पृष्ठाच्या आरंभी लिहिलेला लिपिसंकेत वाचून ते योग्य अक्षरे लावते. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत रचलेली मराठी पृष्ठे मात्र याने सुधारत नाहीत. ती स्थितीच्या रकान्यात वेगळी नोंदवून हातानेच पाहावी लागतात.

सूची फाइलीत साठविताना ‘यूटीएफ-8-सिग’ हा संकेत निवडावा, म्हणजे एक्सेलमध्ये ती फाइल उघडताच मराठी अक्षरे शाबूत दिसतात. त्यानंतर कोणत्याही 10 ओळी निवडून ती पृष्ठे स्वतः उघडावीत आणि शीर्षके पडताळावीत. स्थितीच्या रकान्यात अपयशाची नोंद असलेले पत्ते वेगळे काढून तीच आज्ञावली दुसऱ्या दिवशी केवळ त्यांच्यासाठी, 2 थ्रेडवर, पुन्हा चालवावी.