अग्निपिंडशोथ व मद्यपान

अग्निपिंडास (स्वादुपिंडास) येणाऱ्या दाहयुक्त सुजेस अग्निपिंडशोथ म्हणतात. त्याचे तीव्र व चिरकारी (दीर्घकालीन) असे दोन प्रकार असून दोहोंच्या कारणांत मद्यपानास महत्त्वाचे स्थान आहे. तीव्र प्रकाराचे दुसरे प्रमुख कारण म्हणजे पित्ताश्मरी (पित्तखडे). निदान झाल्यानंतर रुग्णाने मद्य घ्यावे किंवा नाही, या प्रश्नाचे उत्तर मद्यजन्य प्रकारात, तसेच कोणत्याही कारणाने उद्भवलेल्या चिरकारी प्रकारात, एकच आहे : ते पूर्णपणे वर्ज्य करावे. केवळ प्रमाण कमी करणे पुरेसे नाही.

अग्निपिंड ही जठराच्या मागे आडवी पसरलेली, सु. १५ सेंमी. लांबीची ग्रंथी आहे. तिच्या पाचक रसातील एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारी प्रथिने) वसा, प्रथिने व पिष्टमय पदार्थ यांचे पचन करतात. यांपैकी प्रथिनांचे पचन करणारे ट्रिप्सीन ग्रंथीत निष्क्रिय स्वरूपात तयार होते व ग्रहणीत (लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात) पोहोचल्यावरच क्रियाशील बनते. ही क्रियाशीलता ग्रंथीतच आली, तर ग्रंथी स्वतःचेच ऊतक पचवू लागते. ही आत्मपचनाची कल्पना हान्स कीआरी यांनी १८९६ मध्ये मांडली आणि मूलतः ती आजही मान्य आहे. अल्कोहॉलाचे विघटन अग्निपिंडाच्या कोशिकांतही होते. त्यातून निर्माण होणारे पदार्थ कोशिकांतील कॅल्शियमाचे संतुलन बिघडवितात आणि त्यांच्या ऊर्जानिर्मितीत अडथळा आणतात. रस घट्ट होऊन बारीक नलिकांत प्रथिनांचे बोळे साचतात. पुढे त्यांवर कॅल्शियमाचे थर बसून खडे बनतात. ग्रंथीतील ताराकृती कोशिका उद्दीपित होऊन तंतुमय ऊतक निर्माण करतात व मूळ ऊतकाची जागा हळूहळू ते घेते. हा शेवटचा बदल बहुतांशी कायमचा असतो.

अतिमद्यपान व चिरकारी अग्निपिंडशोथ यांचा संबंध जर्मन वैद्य निकोलाउस फ्रीड्राइख यांनी १८७८ मध्ये दाखवून दिला होता. तथापि अतिमद्यपान करणाऱ्यांपैकी अल्पसंख्य व्यक्तींनाच हा विकार होतो. आनुवंशिक प्रवणता व धूम्रपान यांचा त्यात वाटा असतो. ‘अमका आयुष्यभर पितो, त्याला काही झाले नाही’ हा युक्तिवाद या विकारापुरता म्हणूनच निरर्थक ठरतो. ज्यास एकदा विकार झाला, त्याची प्रवणता सिद्ध झालेलीच असते.

पहिल्या झटक्यानंतरचा काळ सर्वांत फसवा होय. पोटाच्या वरच्या भागातून पाठीकडे जाणारी असह्य वेदना व वांत्या सौम्य प्रकारात काही दिवसांत थांबतात, रक्तातील ॲमिलेजाचे प्रमाण पूर्ववत होते आणि रुग्ण घरी परततो. ग्रंथी बरी झाली असे समजून तो पुन्हा मद्याकडे वळतो. फिनलंडमधील टँपेरे येथे पहिला मद्यजन्य झटका आलेल्या ५६२ रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार ४६ टक्के रुग्णांत विकार पुन्हा उद्भवला, व त्यांपैकी बहुतेकांत तो पहिल्या चार वर्षांतच उद्भवला. तेथीलच २००९ मधील चाचणीत १२० रुग्णांपैकी निम्म्यांना रुग्णालयात एकदाच समज देण्यात आली, तर उरलेल्यांना दर सहा महिन्यांनी बोलावून दोन वर्षे पुन्हापुन्हा समुपदेशन करण्यात आले. पहिल्या गटात २१ टक्के, तर दुसऱ्यात केवळ ८ टक्के रुग्णांत विकार उलटला. रुग्णालयातून बाहेर पडताना दिलेला एक वेळचा उपदेश पुरत नाही, हे यावरून दिसते.

बिअर, वाइन किंवा ताडी ही सौम्य असल्याने चालतात, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे, कारण अपाय एथिल अल्कोहॉलाने होतो, पेयाच्या नावाने नव्हे. ५ टक्के अल्कोहॉल असलेल्या ६५० मिलि. बिअरमध्ये सु. २६ ग्रॅ. अल्कोहॉल असते, ४२·८ टक्के तीव्रतेच्या व्हिस्कीच्या ६० मिलि.मध्ये सु. २० ग्रॅ. असते. म्हणजे बिअरची एक बाटली अशा व्हिस्कीच्या मोठ्या पेगाहून अधिक अल्कोहॉल देते. झटका आलेल्या रुग्णासाठी सुरक्षित अशी मर्यादा ठरविता आलेली नाही.

पित्ताश्मरीजन्य तीव्र प्रकाराची गोष्ट थोडी वेगळी आहे. पित्ताशय काढून टाकल्यावर मूळ कारण दूर होते. त्यामुळे अशा रुग्णास आजन्म बंदीची सक्ती सर्वच वैद्य करीत नाहीत. मात्र ग्रंथी पूर्ण सावरेपर्यंत, म्हणजे निदान काही महिने, मद्य टाळण्यास सांगतात. कारण निश्चित सापडले नसेल, तर पथ्य कडक ठेवणेच शहाणपणाचे.

चिरकारी प्रकारात धोका निराळ्या रूपाने येतो. पाचक रस अपुरा पडल्याने मलातून वसा जाते व वजन घटते. लांगरहान्स द्वीपकांचा (इन्शुलीन निर्माण करणाऱ्या कोशिकापुंजांचा) नाश झाल्यास मधुमेह होतो. या मधुमेहात रक्तशर्करा वाढविणारे ग्लुकागॉनही अपुरे असते. इन्शुलीन घेणाऱ्या अशा रुग्णाने उपाशीपोटी मद्य घेतल्यास रक्तातील शर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, आणि त्यामुळे येणारी गुंगी नशेची समजून दुर्लक्षिली जाते. काही रुग्ण वेदना शमविण्यासाठीच पितात. मद्याने बधिरता क्षणभर येते, परंतु ज्या शोथामुळे वेदना होते तोच वाढतो. मद्य सोडल्याने प्रत्येकाची वेदना थांबते असे नाही, व झालेली हानीही भरून निघत नाही; पण झटक्यांची संख्या घटते आणि ग्रंथीचा ऱ्हास मंदावतो.

दीर्घकाळ रोज भरपूर पिणाऱ्याने मद्य एकाएकी घरच्या घरी बंद करणे मात्र घातक ठरू शकते. कंप, भ्रम व आकडी ही लक्षणे पहिल्या काही दिवसांत उद्भवतात; म्हणून हे काम वैद्यकीय देखरेखीखाली, थायामीन (ब१ जीवनसत्त्व) व शामक औषधे देऊन करतात. पुढे समुपदेशन, औषधे व कुटुंबाचे साहाय्य यांची गरज लागते. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र (स्थापना १९८६) व १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस या चळवळीचे स्थानिक गट हे कार्य करतात. धूम्रपान हे अग्निपिंडशोथाचे स्वतंत्र कारण असल्याने मद्यासोबत तेही सोडावे लागते. ग्रंथीतील कॅल्सीभवन त्याने वाढते आणि तिच्या कर्करोगाचा धोकाही.