वसतिगृहातील आग आणि शिक्षकांचे कर्तव्य

१४ एप्रिल हा दिवस आपण बाबासाहेबांची जयंती म्हणून साजरा करतो. याच तारखेला १९४४ साली मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावरील दारूगोळ्याचा प्रचंड स्फोट झाला आणि आग विझविताना अग्निशमन दलाच्या अनेक जवानांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणूनही पाळला जातो. मेणबत्त्यांच्या व रोषणाईच्या त्या दिवशी प्रत्येक निवासी शाळेने आगीचाही विचार करावा, असे आम्हांस वाटते.

तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागलेली आग शाकारलेल्या छपरावाटे वर्गांपर्यंत पोहोचली आणि ९४ बालके मृत्युमुखी पडली. त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला. सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, आणि आग विझविण्याच्या साधनांइतकेच शिक्षकांचे प्रशिक्षणही आवश्यक आहे, असे त्यात म्हटले आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अधिनियमानुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत द्यावे लागते. प्रमाणपत्र मात्र कार्यालयातील फाइलीत असते. रात्री दोन वाजता मुलांजवळ असतो तो अधीक्षक किंवा निवासी शिक्षक.

आगीत पुष्कळांचा जीव ज्वाळांपेक्षा धुराने जातो. झोपलेल्या मुलाला धुराच्या वासाने जाग येईलच, असे समजणे धोक्याचे आहे. कार्बन मोनॉक्साइडला तर गंधच नसतो. म्हणून मुलांना हाका मारून, हलवून उठवावे लागते. धूर प्रथम वर साचतो, तेव्हा वाकून किंवा रांगत बाहेर पडण्याची सवय त्यांना आधीपासून हवी. घाबरलेली लहान मुले खाटेखाली दडून बसतात. यासाठी प्रत्येक लहान मुलाची जोडी मोठ्या विद्यार्थ्याशी लावून द्यावी आणि बाहेर काढताना खाटांखाली नजर टाकावी.

सर्वांत अवघड प्रश्न कुलपाचा आहे. मुलींच्या वसतिगृहाचे जाळीचे दार रात्री बंद असावे, हा पालकांचा आग्रह रास्तच आहे. परंतु बाहेरून कुलूप लावून मुलींना आत झोपविणे आम्हांस कोणत्याही कारणास्तव समर्थनीय वाटत नाही. आतून किल्लीशिवाय उघडेल, पण बाहेरून उघडणार नाही, अशी कडी लोहार सहज बसवून देतो. तोवर किल्ली आत झोपणाऱ्या शिक्षिकेपाशीच असावी आणि दुसरी ठरलेल्या खिळ्यावर. जिन्यात व दाराशी पत्र्याच्या पेट्या रचून ठेवणे हेही एक प्रकारचे कुलूपच होय.

मैदानात जमल्यावर रात्रीच्या हजेरीपटावरून मोजणी करावी. सुट्टीवर गेलेल्यांची नोंद त्यात नसेल, तर घरी गेलेल्या मुलाच्या शोधात कोणीतरी पुन्हा आगीत शिरेल. १०१ किंवा ११२ वर दूरध्वनी करण्याचे काम एकाच व्यक्तीकडे नेमून द्यावे. भिंतीवरील लाल सिलिंडर लहान आगीसाठीच असतो; त्यातील पावडरचा फवारा अर्ध्या मिनिटाच्या आत संपतो. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये, आधी मेन स्विच बंद करावा. गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो; वास येताच दारे-खिडक्या उघडाव्यात, दिव्याच्या बटणाला हात लावू नये.

स्नेहसंमेलनाचा मंडपही इमारतीइतकाच तपासावा. हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या वार्षिक समारंभातच मंडप पेटून चारशेहून अधिक माणसे दगावली.

सत्रातून एकदा तरी सराव रात्री घ्यावा, कारण दिवसा ओळखीचा असणारा जिना अंधारात ओळखीचा राहत नाही. पालकांना आमची एकच विनंती : पाणी तापविण्याची कॉइल, मेणबत्त्या व काडेपेटी मुलांच्या पेटीत देऊ नये. वीजकामाचे ज्ञान असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी एक दिवस येऊन वसतिगृहांतील वायरिंग पाहून द्यावे.