सांडपाण्याचे मोल कोण चुकवते?

मुंबईत मीटर असलेल्या घरांच्या पाणीबिलात पाणीपट्टीखेरीज मलनिस्सारण आकारही असतो आणि तो पाणीपट्टीच्या 70 टक्के असतो. घरातून किती सांडपाणी बाहेर पडले हे मोजणारे मीटर नसते. त्यामुळे आत आलेल्या पाण्यावरूनच बाहेर गेलेल्याचा अंदाज बांधतात. आपले अभियंते पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के पाणी गटारात परतते असे धरून चालतात. बाग शिंपणाऱ्यावर यात थोडा अन्याय होतो, पण घरोघर वेगळे मोजमाप करण्याचा खर्च त्या अन्यायाहून कितीतरी मोठा ठरेल. म्हणून अंदाजाच्या या पद्धतीबद्दल माझी तक्रार नाही. दर न्याय्य आहे की नाही, हे त्यातून कोणता खर्च भागतो आणि उरलेला कोणाच्या माथी पडतो, यावर ठरते.

या सेवेचा बराचसा खर्च वापरावर अवलंबून नसतो. जमिनीखालच्या वाहिन्या, उदंचन केंद्रे, प्रक्रिया केंद्रे एकदा उभारली की पाणी कमी आले तरी त्यांचे व्याज आणि देखभाल चुकत नाही. म्हणूनच मुंबईच्या मालमत्ता कराच्या देयकात मलनिस्सारण लाभ कर वेगळा दाखवतात. ‘घर वर्षभर कुलूपबंद आहे, मग हा कर कशाला?’ असा प्रश्न नेहमी येतो. पण दारापर्यंत मलवाहिनी आली की त्या बंद घराचीही किंमत वाढते, आणि तो लाभ मालकाच्याच पदरात पडतो. स्थिर खर्चाचा वाटा मालमत्तेच्या मूल्यावर आणि चालू खर्चाचा वाटा वापरावर, ही विभागणी मला सर्वांत न्याय्य वाटते.

दर वाढवायचे म्हटले की गरिबांचे नाव पुढे केले जाते. या आक्षेपाचा हिशेब नीट मांडला पाहिजे, कारण स्वस्त दराचा पहिला लाभ ज्याच्या घरात नळ आणि शौचालय दोन्ही आहे त्यालाच मिळतो. पाच माणसांचे कुटुंब, माणशी दिवसाला 135 लिटर, म्हणजे महिन्याला सुमारे 20 हजार लिटर पाणी. मुंबईत इमारतींसाठी मूळ दर हजार लिटरला सहा-सात रुपये धरला, तर या कुटुंबाचा मलनिस्सारण आकार महिन्याला शंभर रुपयांच्या आत राहतो. वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयात एका वेळेला दोनच रुपये धरले आणि प्रत्येकजण दिवसातून एकदाच गेला, तरी तेवढ्याच कुटुंबाचे 300 रुपये होतात. काही ठिकाणी मासिक पास असतो, तिथे बोजा हलका होतो. तरीही रांग, अंधार आणि बायकामुलींची कुचंबणा उरतेच. शिवाय प्रक्रिया न झालेले पाणी ज्या नाल्यांतून वाहते, त्यांच्या काठावर याच वस्त्या असतात. गरिबाला सवलत द्यायचीच, पण ती त्याच्या जोडणीवर आणि सार्वजनिक शौचालयाच्या शुल्कावर द्यावी. सर्वांनाच सरसकट कमी दर लावून ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार देशाच्या शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते, आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती 20,236 दशलक्ष लिटरवर. अनेक ठिकाणी केंद्रे आहेत, पण ती पूर्ण क्षमतेने चालत नाहीत; वीज, रसायने आणि माणसे यांसाठी दरमहा लागणारा पैसा हे त्याचे एक मोठे कारण आहे. गटारात उतरण्याची वेळ कामगारावर येऊ नये म्हणून लागणारी यंत्रेही याच दरातून यायला हवीत. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे गुन्हा ठरवले आहे, तरी मृत्यू थांबलेले नाहीत.

‘आधी महापालिकेने गळती आणि उधळपट्टी थांबवावी, मग पैसे मागावेत,’ हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. मात्र त्यासाठी दर रोखून धरला, तर कात्री आधी देखभालीला लागते. मुंबईत पाणीपुरवठा व मलनिस्सारणाचा वेगळा अर्थसंकल्प असतो. तशी सोय प्रत्येक नगरपरिषदेत हवी, आणि हजार लिटर सांडपाणी वाहून नेऊन शुद्ध करायला किती खर्च आला, त्यातला किती बिलातून वसूल झाला, हे बिलावरच छापलेले हवे. मुंबईत रोज 2,464 दशलक्ष लिटर क्षमतेची सात प्रक्रिया केंद्रे उभी राहत आहेत. ती चालू झाली की दरमहाचा खर्च वाढणारच. तो आकडा दरवाढीच्या प्रस्तावाआधी नागरिकांसमोर यायला हवा.