खुब्याचे हाड आणि दोन दिवसांची मुदत

‘आता या वयात चिरफाड कशाला?’ हा निवाडा बेळगाव, चिकोडी, निपाणी या टापूतील घराघरांत आजही मायेपोटीच दिला जातो. परंतु न्हाणीत घसरून खुबा मोडलेल्या आज्जीच्या बाबतीत तो बहुधा तिच्या जिवावर बेततो, हे वडीलधाऱ्या मंडळींनी एकदा नीट समजून घ्यावयास हवे.

मांडीच्या हाडाचा गोल माथा ज्या अरुंद मानेवर तोललेला असतो, तिच्याच अंगाने त्या माथ्याला रक्त पोहोचविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या जात असल्यामुळे, मान मोडून हाड सरकले की माथ्याचा रक्तपुरवठा खंडित होतो, आणि मग हाडवैद्याचा लेप असो वा वजन लावून दिलेला ताण असो, ते हाड सांधण्याची आशा फारशी उरत नाही. अशा वेळी माथा काढून त्या जागी धातूचा माथा बसवितात. अमेरिकेत ऑस्टिन मूर व हॅरोल्ड बोलमन यांनी 1940 साली धातूचा असा भाग प्रथम बसविला, आणि इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी 1962 च्या सुमारास पोलाद, प्लास्टिक व हाडाचे सिमेंट यांच्या योगे संपूर्ण कृत्रिम सांधा सिद्धीस नेला. मोड मानेच्या खाली असेल, तर तेथील हाड रक्ताने समृद्ध असल्याने ते सळई किंवा पट्टी-स्क्रूने धरून ठेवले असता जुळते.

वृद्धाचा खरा वैरी शस्त्र नसून अंथरूण आहे. उताणे पडून राहिल्याने छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पाठीला शय्याव्रण पडतात, पायात रक्ताची गुठळी होते, बुद्धी भ्रमिष्ट होते. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी सुमारे पाचांतील एक वर्षाच्या आत दगावतो, असा जगभरचा अनुभव आहे. म्हणूनच इंग्लंडमध्ये 36 तासांच्या आत शस्त्रक्रिया हा दंडक आहे, आणि अन्यत्रही दोन दिवसांची मुदत मानतात. मधुमेह वा रक्तदाब आटोक्यात आणण्यास लागेल तेवढाच विलंब क्षम्य. बहुतेकांना कमरेत सुई देऊन केवळ खालचा भाग बधिर करता येतो, आणि दुसऱ्याच दिवशी आधाराने उभे करता येते.

निपाणीहून कोल्हापूर सुमारे 40 आणि बेळगाव सुमारे 75 किलोमीटर; बेळगावात केएलई संस्थेचे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय व सरकारी जिल्हा रुग्णालय, तर रेल्वेच्या वाटेवर मिरजेची रुग्णालये. रस्ता अडवीत नाही; अडविते ती घरातली मसलत आणि कागदपत्रांची धावपळ. कर्नाटकात आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजना आहे, आणि सीमाभागातील 865 गावांसाठी महाराष्ट्र शासनाने 2023 साली महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा निर्णय घेतला. तेव्हा कोणत्या योजनेत आपले नाव बसते याची चौकशी करून, शिधापत्रिका, आधार व औषधांच्या चिठ्ठ्या यांची तजवीज आधीच करून ठेवणे हे प्रत्येक घराचे कर्तव्य होय.

ज्या स्त्रीने मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत संसार उभा केला, तिला शस्त्रक्रियेनंतर कदाचित जमिनीवर बसता येणार नाही. तिच्यासाठी उंच खुर्ची, बसका संडास बदलून कमोड, न्हाणीत धरण्यास दांडी एवढे करावे लागेल. वयाचे निमित्त पुढे करून तिला अंथरुणाच्या हवाली करण्याचा अधिकार मात्र कोणासही नाही.