टपावरून हौद्यात

२०१६ पर्यंत महाराष्ट्रात पिकअप म्हणजे मंडईची गाडी. पहाटे मार्केट यार्डात कोबीची पोती उतरवायची, दुपारी सिमेंट वाहायचं, संध्याकाळी मंडपवाल्याचे बांबू. टेल्कोने १९८८ मध्ये पुण्यात टाटामोबाइल २०६ आणली. तिच्याच सांगाड्यावर १९९१ ची सिएरा उभी राहिली आणि हौशी लोकांच्या दारात गेली. पिकअप मात्र धंद्यातच राहिली. मधल्या काळात स्कॉर्पिओ गेटअवे आणि झेनॉन एक्सटी यांनी ही रेघ ओलांडून पाहिली, पण रस्त्यावर त्या तुरळकच दिसल्या. त्यानंतरच्या वर्षांत हौद्यात संसार भरून स्पिती, लडाख, कच्छ, अरुणाचल गाठणाऱ्यांची एक जमात तयार झाली. मी त्याच जमातीतला. मागे वळून पाहताना मला या काळाची एकच मोठी हालचाल दिसते : सामान टपावरून हौद्यात उतरलं, आणि उतरता उतरता निम्मं झालं.

सामान टपावर चढलं कसं, हे कळायला जिप्सीकडे जावं लागतं. मारुतीची जिप्सी १९८५ ची. पेट्रोलवर चालणारी, टाकी ४० लिटरची. डोंगरात लिटरमागे दहा किलोमीटर धरले तर टाकीत चारशे किलोमीटरची चाल. मनाली-लेह रस्त्यावर तांदीच्या पंपाजवळ वर्षानुवर्षं एक पाटी होती, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचं सांगणारी. बारालाचा ला आणि तांगलांग ला चढताना गाडी किती पेट्रोल पिईल याचा भरवसा नाही. म्हणून टपावर कॅरिअर, कॅरिअरवर जेरीकॅन. मागे दोन माणसं बसली की बॅगांना जागा उरत नसे, म्हणून बॅगाही वर. जिप्सीवाल्यांचं टप गरजेतून भरलं होतं. पुढे गाडी बदलली, गरज गेली, तरी भरलेल्या टपाचा रुबाब मागे राहिला.

२०१६ मध्ये इसुझूने आंध्रातल्या श्रीसिटीच्या कारखान्यातून डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणली. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, चारही चाकांना ओढ, पाच जणांची केबिन, किंमत साडेबारा लाखांच्या आसपास. खासगी वापरासाठी, पांढऱ्या पाटीवर नोंदवता येणारी. टाकी ७६ लिटरची. तांदीच्या पाटीचा धाक तिथेच संपला. गाडी जपून चालवली तर लेहला पोचूनही टाकीत बरंच डिझेल उरतं. तरीही सुरुवातीच्या व्ही-क्रॉस पाहिल्या तर जवळपास प्रत्येकीच्या टपावर किंवा हौद्याच्या कडेला जेरीकॅन दिसेल. भरलेला वीस लिटरचा लोखंडी कॅन वीस किलोच्या वर जातो. हे वजन लेहला जायचं आणि परत यायचं, फोटोपुरतं.

त्या पहिल्या दोन-तीन वर्षांत आम्ही सगळे परदेशी कॅटलॉग वाचत होतो, आणि त्यात वाचण्यासारखं खूप होतं. ऑस्ट्रेलियात पिकअपला ‘यूट’ म्हणतात. १९३४ साली फोर्डच्या जिलाँग कारखान्यात ल्यू बँट या तरुण अभियंत्याने ती आखली. त्यामागची कथा अशी, की एका शेतकऱ्याच्या बायकोने कंपनीला पत्र लिहून रविवारी चर्चला आणि सोमवारी डुकरं घेऊन बाजारात जाता येईल अशी गाडी मागितली होती. टपावरचा तंबू इटलीचा, १९५८ चा. बंपर, रॅक, सस्पेन्शन यांचा मोठा धंदा उभारणारी एआरबी ही १९७५ ची मेलबर्नची कंपनी. आणि पिकअपच्या हौद्यात घर बांधून देश पालथा घालणाऱ्यांमध्ये सर्वांत नामवंत अर्थातच जॉन स्टाइनबेक. १९६० मध्ये त्याने जीएमसीच्या पिकअपवर बिछाना, शेगडी आणि फ्रिज असलेली खोली बसवून घेतली, तिला डॉन किहोतेच्या घोड्याचं नाव दिलं, सोबत कुत्रा घेतला आणि अमेरिका पाहायला निघाला. ती गाडी आज कॅलिफोर्नियात सॅलिनासच्या संग्रहालयात आहे. स्टाइनबेकने सोबत दीडशे पौंड पुस्तकं घेतली होती, म्हणजे ६८ किलो. आजचा टपावरचा तंबू साधारण तेवढाच भरतो. गाडी जास्त भरण्याचा मोह इतका जुना आहे.

कॅटलॉगची नक्कल करायला आपल्याकडच्या कायद्याने लवकरच आडकाठी केली. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने बुलबारवर कारवाई करण्याचे आदेश राज्यांना दिले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सांगितलं, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणारा बदल गाडीत करता येणार नाही. पुढचे जाड लोखंडी बंपर उतरले. हे मला चांगलंच वाटतं. पायी चालणाऱ्या माणसाला त्या लोखंडाची धडक काय करते याचा विचार आम्ही गाडीवाले फारसा करत नव्हतो. शिवाय साठ-सत्तर किलो वजन पुढच्या चाकांवरून गेलं. पण त्याच निकालाने एक धूसरपणाही मागे ठेवला. हौद्यावर क्लॅम्पने बसवलेलं, हाताने काढता येणारं छत, म्हणजे कॅनोपी, हा बदल की सामान? एका राज्यातला अधिकारी तिच्याकडे पाहत नाही, दुसऱ्या राज्यातला पावती फाडतो. याचं स्पष्ट उत्तर मिळणं हा आमचा हक्क आहे असं मी मानतो. तोपर्यंत लोकांनी आपापला मार्ग काढला : वेल्डिंग टाळायचं, भोकं पाडायची नाहीत, सगळं नटबोल्टवर आणि पट्ट्यांवर. आणि मग नजर हौद्याकडे वळली.

हौद्याची खरी अडचण लांबीची. चार दारांच्या पिकअपचा हौदा सुमारे पाच फुटांचा. माणूस त्यात सरळ झोपत नाही. म्हणून पहिल्या पिढीने तंबू टपावर किंवा कॅनोपीवर चढवला. तंबूचे फायदे खरे आहेत : चिखलाची, विंचवाकाट्याची भीती नाही, गादी आतच, दहा मिनिटांत बिछाना तयार. पण चार हजार मीटरवर, मध्यरात्री, वाऱ्यात शिडी उतरून लघवीला जाणं आणि परत चढताना धाप लागणं, हे एकदा अनुभवलं की हिशोब बदलतो. शहरातही अडचण. मूळ गाडी पावणेदोन मीटरच्या वर उंच. रॅक आणि तंबू धरून ती सव्वादोन मीटरकडे जाते आणि सोसायटीच्या तळघराच्या तोंडाशी लावलेल्या आडव्या पट्टीला अडते. मग एकाला सुचलं, दुसऱ्याने सुधारलं : फाळका खाली पाडून त्यावर फळी टेकवली की हौदा दीडेक फूट वाढतो. पाच आणि दीड, साडेसहा. कॅनोपीच्या मागच्या दाराला ताडपत्रीचा पडदा लावला की झोपायची सोय झाली, तीही जमिनीपासून तीन फुटांवर.

या बिछान्याखालच्या सामानाच्या खणांचं काम मी भोसरीतल्या एका मिस्त्रींकडून करून घेतलं. त्यांचं आयुष्य टेम्पोच्या बॉड्या बांधण्यात गेलेलं. मी छापील चित्रं घेऊन गेलो होतो. त्यांनी चित्रं बाजूला ठेवली आणि हौद्यात उकिडवे बसून चाकांच्या उंचवट्यावर हात ठेवला.

“साहेब, खण भरल्यावर वजन किती?”

“साधारण साठ किलो.”

“साधारण नको. घरी वजनाचा काटा असेल ना? एकेक डबा ठेवून लिहून आणा. आणि पाणी कुठं ठेवणार?”

मी फाळक्याजवळची जागा दाखवली, घ्यायला सोपं म्हणून.

“चाकाच्या मागं टाकाल तेवढं गाडीचं तोंड उचलतं. पाणी केबिनला चिकटून. हाताला यायला नळी काढू.”

पंचवीस मिलिमीटरच्या चौकोनी पाइपाची चौकट झाली, वर मरीन प्लाय, त्यावर ॲल्युमिनियमची चेकर प्लेट. सुताराकडे मिळणारे टेलिस्कोपिक चॅनेल त्यांनी नाकारले. त्यांच्या छऱ्यांत धूळ बसते आणि काझ्याला पोचेपर्यंत खण जाम होतो. त्याऐवजी नायलॉनच्या पट्ट्या स्क्रूने बसवल्या. खण त्यांवरून सरकतो, धूळ पट्टीवरून झटकता येते. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो, केबिनच्या भिंतीला टेकवून. सगळं भरून गाडी रस्त्यावर आणली तेव्हा मागचे कमानपाटे शांत झाले होते. रिकामी पिकअप प्रत्येक गतिरोधकावर मागून उडते, कारण ते पाटे ओझ्यासाठीच बनवलेले असतात. योग्य जागी, योग्य तेवढं ओझं मिळालं की ती नीट चालते.

मिस्त्रींच्या तोंडी ते ज्ञान टेम्पो आणि ट्रकांमधून आलं होतं. आपल्या महामार्गांवरचे ट्रकवाले कित्येक वर्षं असंच राहत आले आहेत. चासीच्या बाजूला लोखंडी पेटी, तिचं झाकण खाली पडलं की ओटा. आत शेगडी, डाळ-तांदळाचे डबे, एक कुकर. पाण्याचा कॅन बाहेर बांधलेला, बिछाना सीटच्या मागे. रात्री थांबायचं कुठे हेही त्यांना ठाऊक : जिथे धाबा, नळ आणि आणखी दोन ट्रक असतील तिथे. आम्ही इतका काळ मेलबर्नकडे पाहत होतो आणि पेटी खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी उभी होती. या लोकांविषयी मला मनापासून आदर आहे.

विजेच्या बाबतीत मात्र नव्या वस्तूंनी खरंच कमाल केली. आधी दुसरी बॅटरी म्हणजे शिसं-आम्लाची, शंभर अँपिअर-तासांची, तीस किलोच्या आसपास, आणि तिच्यातली निम्मीच वीज सुखाने वापरता येते. लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढ्याच क्षमतेची बॅटरी बारा-तेरा किलोची, आणि जवळपास सगळी वापरता येते. छोटा कंप्रेसर फ्रिज दिवसाला तीस-चाळीस अँपिअर-तास घेतो, म्हणजे एका जागी दोन दिवस मुक्काम सहज. यात दोन बारकावे आहेत. बऱ्याच नव्या गाड्यांचा अल्टरनेटर मूळ बॅटरी भरली की दाब कमी करतो, त्यामुळे नुसती वायर ओढून भागत नाही, मध्ये डीसी-डीसी चार्जर लागतो. आणि ही बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली तर आतून कायमची खराब होते. म्हणून थंड प्रदेशात जाणाऱ्यांनी ती हौद्यातून काढून केबिनमध्ये, मागच्या सीटखाली आणली. हौदा सगळ्याला योग्य नसतो, हेही अशा तपशिलांतून कळत गेलं.

थंडीने शेगडीचाही निकाल लावला. छोट्या नळकांड्यातला ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला वायूरूप होणं थांबवतो. लडाखमधल्या हानलेला पहाटे लायटर पेटतो, शेगडी पेटत नाही. लोक नळकांडं झोपताना पांघरुणात घेतात, किंवा सरळ पंपाच्या रॉकेल स्टोव्हकडे परततात. तिथे पाणी ८६ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. तीन लिटरचा कुकर हा माझ्या मते सगळ्या उपकरणांतला राजा. डिझेल गोठण्याचा प्रश्न नोव्हेंबर २०१९ पासून सुटू लागला, तेव्हा इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं. पूर्वी लोक टाकीत रॉकेल मिसळायचे. आताच्या बीएस-६ इंजिनांना ते सोसत नाही. हानलेवरून आठवलं : तिथे २०२२ च्या अखेरीस अंधाऱ्या आकाशाचं राखीव क्षेत्र जाहीर झालं. टपावर दिव्यांची माळ लावून तिथे जाणाऱ्यांनी ती घरीच काढून ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

२०२० नंतर सगळंच वेगाने झालं. टाळेबंदीनंतर हॉटेल टाळणारे लोक वाढले, अटल बोगद्याने ऑक्टोबर २०२० पासून लाहौलची वाट सोपी केली, २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स ३४ लाखांच्या आसपास दाखल झाली. धोरणातल्या मुक्कामतळांचा उपयोग पिकअपवाल्यांनाही व्हावा. पाणी, संडास आणि कचरा टाकायला जागा एवढंच आम्हाला लागतं. ते नसलं की गावच्या तलावाकाठी आपण काय मागे टाकून जातो, हे गावकऱ्यांना विचारावं.

सह्याद्रीच्या पावसाने आणखी एक छाटणी केली. कॅनव्हासचा तंबू ओला घडी करून आठवडाभर तसाच राहिला की काळी बुरशी धरते आणि ती जात नाही. कॅनोपीच्या फटींतून आषाढात पाणी येतं, वैशाखात धूळ. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि फाळक्याच्या फटी धूळ आत ओढतात. दाराला लावतात तसलं रबर चारही कडांना चिकटवणं हा त्यावरचा स्वस्त आणि पक्का उपाय.

आता नवी पिकअप घेतलेली मुलं फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न तंबूचा असतो. मी त्यांना आधी वजनकाट्यावर पाठवतो. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात तर तो दर काही मैलांवर आहे. टाकी पूर्ण भरायची, पाणी भरायचं, सगळी माणसं बसवायची. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यायची, पावती घ्यायची. मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या धुऱ्यावर किती आलं ते कळतं. एकूण आकडा गाडीच्या कागदांवरच्या कमाल वजनाशी ताडायचा, आणि रिकाम्या गाडीपेक्षा पुढचं वजन घटलं असेल तर फाळक्याजवळचं सामान केबिनकडे सरकवायचं. यानंतर जेवढे किलो शिल्लक राहतील तेवढ्यातच तंबू निवडायचा.