वरचा पंख मागे असलेलं विमान

मुंबईकडून आलेला प्रवासी बंगळूरच्या यशवंतपूर स्थानकात उतरला, की मेट्रोच्या हिरव्या मार्गाने मॅजेस्टिक आणि तिथून जांभळ्या मार्गाने कब्बन पार्क गाठू शकतो. जवळच कस्तुरबा रोडवर विश्वेश्वरय्या संग्रहालयात राइट बंधूंच्या १९०३च्या विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. दुपंखी विमानाचं मॉडेल करायला घेणाऱ्याने ती आधी जरूर पाहावी. एकावर एक दोन पंख, मध्ये टेकू आणि तिरक्या ताणलेल्या तारा: पातळ, हलके पंख ताठ कसे राहत, ते तिथे पाहताक्षणी उमगतं.

पुढच्या पंधरा वर्षांत, पहिल्या महायुद्धात, याच घडणीची विमानं एकमेकांवर मशीनगन चालवू लागली. त्यांतलं सॉपविथ डॉल्फिन मराठी माणसाने निवडावं. मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर ब्रिटिश हवाई दलाच्या २३व्या स्क्वाड्रनमध्ये तेच उडवत. जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर त्यांचं विमान पाडलं गेलं आणि ३० जूनला ते गेले. त्याच युद्धातले कोलकात्याचे वैमानिक इंद्रलाल रॉय यांचं नाव निदान काहींना ठाऊक असतं. वेलिणकरांचं मुंबईतही क्वचितच निघतं.

डॉल्फिनची गंमत अशी, की त्याचा वरचा पंख खालच्यापेक्षा मागे बसवलेला. वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्या मधल्या मोकळ्या चौकटीतून बाहेर येई. वरचं आकाश मोकळं दिसे. पण उतरताना विमान उलटलं, तर आधी मानेवर बेतायचं.

मॉडेल करणाऱ्यालाही हीच चौकट घाम फोडते. खऱ्या विमानाचे पंख ९.९ मीटर रुंद. १:४८ प्रमाणात ते जेमतेम २१ सेंटिमीटर होतात. खालचा पंख आणि टेकू आधी चिकटवायचे, वरचा पंख वेगळा रंगवायचा आणि पुठ्ठ्याच्या साच्यात धरून शेवटी बसवायचा. घाईने सुपरग्लू लावला, की पंख वाकडा बसलाच म्हणून समजा.

रंगाचा वाद न संपणारा आहे. ब्रिटिश विमानांच्या वरच्या बाजूला पीसी-१० नावाचा लेप असे. त्यात पिवळा गेरू आणि काजळी. त्यामुळे कुणाला तो हिरवट दिसतो, कुणाला चॉकलेटी. दोघांनी भांडू नये. मिश्रण आणि ऊन यांनुसार तो बदलतच असे. पोटाकडची बाजू मात्र रंगद्रव्याविना, लिननच्या पिवळसर छटेची. आधी ती फिकट बाजू रंगवून मास्किंग टेपने झाकावी, मग वर गडद रंग द्यावा. वर्तुळाकार डेकल पाण्यात भिजवून चकचकीत वार्निशवर सरकवली, की कडा उठून दिसत नाहीत.

तारा सगळ्यात शेवटी. पाच मिलिमीटरची तार या प्रमाणात ०.१ मिलिमीटरची होते. म्हणून लवचीक धागा किंवा मासेमारीची बारीक दोरी वापरतात. त्यासाठी पंख जोडण्याआधीच सुईएवढी भोकं पाडून ठेवावी लागतात. डॉल्फिनला दोन्ही बाजूंना टेकूंच्या दोन-दोन जोड्या असल्याने ताराही भरपूर. त्या ओवून झाल्या, की मॉडेलवरची धूळ मऊ कुंचल्यानेच झाडायची. घरच्यांना फडकं लावू द्यायचं नाही.