तलावांच्या मुलखात पाहुण्यांचा पैसा थांबणार कुठे?

भंडारा आणि गोंदिया हे तलावांचे जिल्हे म्हणून साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला, त्यापूर्वी हा एकच भंडारा जिल्हा होता. गावाच्या माथ्यावर तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या आणि बांध्यांपलीकडे जंगल, अशी इथल्या बहुतेक गावांची मांडणी आहे. हिवाळा आला की नागपूर, रायपूरकडच्या गाड्या नवेगावबांध, नागझिरा, बोदलकसा या वाटेला लागतात. पर्यटनाने जिल्ह्याचा उद्धार होणार, हे पुढाऱ्यांच्या भाषणात आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. या गाड्यांतून उतरणारा माणूस आपल्या गावात नेमके काय विकत घेतो, हे मात्र कुणी विचारत नाही. जंगलाच्या फाटकावर शुल्क, जिप्सीचे भाडे, एखादे जेवण. बाकी पाण्याच्या बाटल्यांपासून चिवड्यापर्यंत सगळे त्याने शहरातूनच भरून आणलेले असते. संध्याकाळी तो परत जातो आणि त्याच्याबरोबर त्याचा पैसाही जातो.

आमच्या कारागीर आणि दुकानदार बांधवांसमोर म्हणूनच हा विषय आम्ही मांडत आहोत. स्टीलच्या आणि प्लास्टिकच्या भांड्यांनी भंडाऱ्याच्या पितळेचा बाजार बसवला. विडीच्या धंद्यात पूर्वीचा जोर राहिला नाही. धान गिरण्यांत सगळ्यांना काम मिळत नाही. अशा वेळी दारात येणारे गिऱ्हाईक ओळखता आले नाही, तर त्याचा फायदा बाहेरचा ठेकेदार घेईल.

धंद्याकडे वळण्याआधी भांडवल काय आहे ते पाहिले पाहिजे. येथे भांडवल म्हणजे तलाव. हे तलाव निसर्गाने दिलेले नाहीत, माणसांनी बांधलेले आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी दोन टेकड्यांमधली जागा हेरून मातीच्या पाळी घातल्या आणि पावसाचे पाणी अडवले. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. त्यांनाच लोक पुढे कोलासुर म्हणून पुजू लागले. सातबहिणींच्या डोंगरांनी वेढलेला हा तलाव काही चौरस किलोमीटर पसरलेला आहे आणि तीनशे वर्षांनंतरही त्याखाली धान पिकतो. मालगुजारीच्या काळात तलावाची देखभाल मालगुजाराकडे होती. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी गेली हे चांगलेच झाले, पण पाळीवर माती टाकणारा आणि गाळ काढणारा धनी त्याबरोबर नाहीसा झाला. पुढे कित्येक तलाव गाळाने उथळ झाले आणि बेशरमाच्या झुडपांनी भरले.

या पाण्यावर दुसरा हक्क ढिवर बांधवांचा. त्यांच्या सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात, मासळी पाळतात, शिंगाडा लावतात. ऐनाच्या झाडावर कोशाचे किडे पाळण्याचे कामही या मुलखात परंपरेने ढिवरच करत आले आहेत. म्हणजे पाहुण्याच्या ताटातला मासा आणि त्याच्या बायकोच्या अंगावरचा कोसा, दोन्ही एकाच घरातून निघतात! तलावावर नौकाविहाराचा ठेका बाहेरच्या माणसाला दिला, मोटारीच्या होड्या सोडल्या आणि जाळी तुटली, तर त्या पर्यटनाला आम्ही तरी प्रगती म्हणणार नाही. होड्या चालवायच्याच असतील, तर त्या मच्छीमार संस्थेने चालवाव्यात आणि वल्ह्याच्याच चालवाव्यात. ढिवराच्या हातात डोंगा पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याला पाणी शिकवायला शहरातून कुणी यायला नको.

वल्ह्याचा आग्रह धरण्यामागे धंद्याचेही कारण आहे. थंडीत येथे येणारा जाणता पाहुणा पक्षी पाहायला येतो. उत्तरेकडून बदके आणि हंसांचे थवे या तलावांवर उतरतात. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावला राहिले आणि त्यांच्या लिखाणाने हे गाव मराठी वाचकांच्या घराघरात पोहोचले. जून २०२५ मध्ये ते गेले, पण त्यांची पुस्तके वाचून आजही माणसे येथे येतात. सारस पक्ष्याची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः गोंदिया आणि त्याच्या लगतच्या भागात. अलीकडच्या मोजण्यांत जिल्ह्यातली त्याची संख्या पन्नासच्या वर गेलेली नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. सारस धानाच्या बांधीत घरटे करतो, म्हणजे तो शेतकऱ्याच्या मर्जीवर जगतो. मोटारीच्या आवाजाने आणि भोंग्यांनी हे पक्षी उठून गेले, तर कॅमेरा घेऊन येणारा पाहुणा दुसऱ्या वर्षी कशाला येईल?

आता धंद्याचा हिशेब. समजा, चार माणसांचे कुटुंब सकाळी आले आणि संध्याकाळी गेले. आपल्या गावात त्याचे फार तर एक जेवण आणि चहा झाला. तेच कुटुंब दोन रात्री राहिले तर पाच-सहा जेवणे होतात, कपडे इस्त्रीला जातात, गाडीचे पंक्चर निघते, मुले सायकली मागतात आणि निघताना बायका काहीतरी घेऊन जातात. तेव्हा सारा प्रश्न रात्रीच्या मुक्कामाचा आहे. महाराष्ट्र सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले. त्यात शेतकऱ्याला स्वतःच्या शेतावर पाहुणे ठेवता येतात. पर्यटन विभागाकडे घरातल्या खोल्या नोंदवूनही पाहुणे घेता येतात. प्रत्येकाने लॉज बांधावे असे आम्ही म्हणत नाही. पण एका गावात पाच घरांनी दोन-दोन खोल्या काढल्या, तर त्या दहा खोल्यांच्या मागे किती हातांना काम लागते ते पाहा.

पहिले काम आमच्या नद्दाफ-पिंजारी बांधवांचे. नवेगावची डिसेंबरची थंडी ज्याने अनुभवली आहे त्याला रजईची किंमत सांगायला नको. शहरातून आणलेल्या फोमच्या गाद्या दोन मोसमांत बसतात. कापसाची गादी पुन्हा पिंजून नवी करता येते. खोल्या देणाऱ्या घरांशी वर्षाचा करार करा. गादी तुमची, दरवर्षी पिंजून देण्याची जबाबदारीही तुमची. शिंप्याला पडदे, गिलाफ आणि पक्षी पाहणाऱ्यांसाठी मातकट किंवा हिरव्या रंगाच्या टोप्या व खांद्याच्या पिशव्या शिवता येतील. जंगलात भडक रंग चालत नाहीत आणि हे बऱ्याच पाहुण्यांना येथे आल्यावरच कळते. सायकल दुरुस्तीच्या दुकानात आठ-दहा चांगल्या सायकली भाड्याने ठेवता येतील. तलावाच्या पाळीने सकाळी सायकलवर फिरण्यासारखे सुख नाही आणि त्याला डिझेलही लागत नाही.

जेवणाबद्दल थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. साकोली, कोहमारा, देवरी या महामार्गावरच्या ठिकाणी खाणावळी पुष्कळ आहेत. पण नागपूरच्या मोमीनपुऱ्यातले किंवा कामठीचे एखादे कुटुंब तलावाकडे आले, तर हलाल जेवणाची खात्री कुठे मिळेल, बायकांसाठी स्वच्छ न्हाणीघर आणि वजूला पाणी कुठे मिळेल, हे त्यांना विचारत फिरावे लागते. एवढी सोय ज्याच्याकडे असेल आणि पाटीवर ठळक लिहिलेली असेल, त्याच्याकडे ही कुटुंबे आपोआप येतील. मात्र, धंदा सर्वांसाठी आहे हे विसरू नये. शाकाहारी पाहुण्यांची भांडी आणि चूल वेगळी ठेवा आणि ती वेगळी आहे हे त्यांना दिसू द्या. तलावातला ताजा मासा, चिन्नोरचा सुवासिक भात, शिंगाड्याचा एखादा गोड पदार्थ, एवढ्यावर येथली खाणावळ नाव काढू शकते. पनीरच्या त्याच त्या भाज्या नागपूरला गल्लोगल्ली मिळतात.

पितळेच्या कारागिरांना आमचे सांगणे थोडे कडू लागेल. मोठे गुंड, गंज आणि कोपर घेऊन कुणी पाहुणा गाडीत बसणार नाही. त्याला हातात मावणारी वस्तू हवी: छोटा लोटा, दिवा, सुरमेदाणी, पानाचा लहान डबा, सारसाची आकृती कोरलेली तबकडी. वजन कमी म्हणून घडाई ढिली नको. घडवणाऱ्याचे नाव आणि गाव वस्तूखाली ठोकलेले असावे आणि भाव एकच असावा. शहरी गिऱ्हाईक भाव करायला लाजते आणि आपण फसलो असे वाटले की पुन्हा येत नाही.

कोशाचे तसेच आहे. आंधळगाव, मोहाडी, पवनी या भागांत कोसा विणला जातो. विदर्भाच्या करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. करवतीच्या दातांसारखा तिचा काठ हातमागावरच खरा उतरतो. पण पूर्ण साडीची किंमत सहलीला आलेल्या बाईला एकदम परवडत नाही. त्याच मागावर ओढणी, गळपट्टा, रुमाल निघाला, तर ती सहज घेईल आणि साडीची चौकशी करून जाईल. विणकर आणि तलावाजवळचा दुकानदार यांच्यात उधारीऐवजी माल ठेवून विकण्याचा करार असावा: विकले तितक्याचे पैसे, उरलेला माल परत. नाहीतर दुकानदार बाहेरचा यंत्रमागाचा माल कोसा म्हणून विकू लागतो आणि विणकराचे नाव बुडते. हा धोका काल्पनिक नाही. बाजारात असा माल उघड विकला जातो.

पर्यटन म्हणजे फक्त बंगल्यात उतरणारा साहेब, असेही समजू नये. इटियाडोह धरणाजवळ प्रतापगडला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते. तेथेच ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या नावाचा दर्गाह आहे. शिवभक्त आणि दर्ग्याचे जायरीन एकाच रस्त्याने येतात, एकाच दुकानातून बांगड्या आणि रेवड्या घेतात. जवळच गोठणगावच्या बाजूला तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७० च्या दशकापासून आहे. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडया आणि झाडीपट्टीची रात्रभर चालणारी नाटके तर आमच्या मणियार आणि खेळणीवाल्या बांधवांना पाठच आहेत. ही गर्दी आपल्याला नवी नाही. नवे एवढेच करायचे, की मंडईला आलेल्या शहरी पाहुण्याला दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर नेणारा, तिसऱ्या दिवशी विणकराचा माग दाखवणारा माणूस गावात तयार हवा. असे मार्गदर्शन ही आमच्या शिकलेल्या मुलांसाठी चांगली रोजी आहे.

पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पाच्या सफारी बंद असतात. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला तेव्हापासून हे तीन-साडेतीन महिने रिकामे समजले जातात. पण सालेकसा तालुक्यातला हाजरा फॉल नेमका तेव्हाच भरून वाहतो. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग त्याच्या जवळून जातो. तेथे स्थानिक वन समितीच्या तरुणांनी प्रवेश शुल्क, स्वच्छता आणि दोरावरचे साहसी खेळ स्वतः चालवून दाखवले. तलावाच्या गावांनी तिकडे एक फेरी मारून पाहून यावे.

एका गोष्टीवर मात्र आत्ताच बोलले पाहिजे. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन १९८८ साली झाले आणि आता त्याच्या विस्तीर्ण पाण्यावर जलपर्यटनाचा मोठा प्रकल्प सरकारने जाहीर केला आहे. अंभोऱ्याच्या संगमावर नवा पूल २०२४ साली खुला झाला आणि तो पाहायला गर्दी लोटू लागली. पण नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळते, हे सर्वांना ठाऊक आहे. घाण पाण्यावर महागड्या होड्या सोडून पाहुणा टिकणार नाही. भंडारा, पवनीच्या व्यापारी संघटनांनी धरणावर दुकानाचे गाळे मागण्याआधी पाण्याच्या शुद्धीकरणाची मागणी लावून धरावी. धरणासाठी ज्यांची गावे गेली, त्यांना गाळ्यांत आणि होड्यांत पहिला वाटा मिळावा, हेही त्याच निवेदनात लिहावे.

भांडवलाबद्दल शेवटचे. केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत शिंपी, होडी बनवणारा, जाळी विणणारा, टोपल्या-चटया करणारा हे सारे आहेत. प्रशिक्षणाच्या काळात रोजचा भत्ता मिळतो आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. पहिले कर्ज एक लाखापर्यंत आणि नंतरचे दोन लाखांपर्यंत, पाच टक्के व्याजाने. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको, त्यांनी प्रशिक्षण आणि अवजारांचे साहाय्य तरी घ्यावे. ते घेतले म्हणून कर्ज घ्यावेच लागते असे नाही. नोंदणी गावातल्या सेवा केंद्रात आधार आणि बँकेचे पुस्तक दाखवून होते. मोसम ऑक्टोबरमध्ये उघडतो, आणि गाद्या, पिशव्या, होड्या काही आठ दिवसांत तयार होत नाहीत. कामाला उन्हाळ्यातच हात घालावा लागेल.